कॅनिस्टीओ: चव्वेचाळीस वर्षांची नोकरी, एकवीस वर्षांचं मरण

नोव्हेंबर २००३. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टीज नदीच्या मुखाजवळ, हार्टलपूल नावाचं गाव आहे. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात टग बोटींनी दोन गंजकी जहाजं ओढत तिथे आणली. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातून निघून अटलांटिक ओलांडत साडेचार हजार मैल ती आली होती, पण त्यातला एक मैलही स्वतःच्या इंजिनावर नाही. बॉयलर थंड होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्यांना 'भुताळी जहाजं' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. त्यांच्यात किती ॲस्बेस्टॉस आहे, किती विषारी रसायनं आहेत, तेल सांडलं तर टीजच्या खाडीतल्या पक्ष्यांचं काय, याच्या बातम्या रोज येत होत्या. ही जहाजं त्याआधी काय करत होती, हे मात्र क्वचितच कुणी विचारलं.

एकाचं नाव कॅनिस्टीओ, दुसऱ्याचं कलूसाहॅची. दोन्ही अमेरिकन नौदलाचे तेलवाहू टँकर. बोलायला अवघड असणारी ही नावं नद्यांची आहेत: कॅनिस्टीओ न्यूयॉर्क राज्यातली, कलूसाहॅची फ्लोरिडातली. नौदलाच्या तेलवाहू जहाजांना नद्यांची, त्यातही मूळ अमेरिकी लोकांच्या भाषांतून आलेली नावं द्यायची तिथली जुनी रीत. ही नोंद मुख्यतः कॅनिस्टीओची आहे, पण कलूसाहॅचीला वेगळं काढता येत नाही. दोघं सख्खी भावंडं. एकाच गोदीत पाच आठवड्यांच्या अंतराने पाण्यात उतरली आणि शेवटी एकाच गोदीत कापली गेली.

वेगाचे जादा पैसे

टँकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते संथ, जडशीळ जहाज. १९३० च्या दशकात ते खरंही होतं. साधा व्यापारी टँकर बारा-तेरा नॉटने, म्हणजे तासाला बारा-तेरा सागरी मैल, चालायचा. युद्धनौकांच्या ताफ्याला असला सोबती उपयोगाचा नाही. लढाऊ जहाजं पुढे निघून जाणार आणि त्यांचं इंधन मागे रांगत येणार. म्हणून १९३८ मध्ये अमेरिकी सरकारने न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीशी व्यवहार केला. कंपनी १२ टँकर बांधेल, ते १८ नॉटने धावतील, या जादा वेगाचा खर्च सरकार उचलेल, आणि युद्ध आलं तर जहाजं नौदलाची. कंपनीला तेल वाहायला एवढी घाई कधीच नव्हती. पैसे सरकार देतंय म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

त्यातलं पहिलं जहाज सिमॅरॉन, मार्च १९३९ मध्ये नौदलात दाखल झालं. त्याच्यावरून या सगळ्या जहाजांना सिमॅरॉन वर्ग म्हणतात. जहाजबांधणीच्या कागदावर नाव मात्र 'टी३-एस२'. टी म्हणजे टँकर, तीनचा आकडा आकारमानाचा, एस म्हणजे वाफेवर चालणारं, दोन म्हणजे जहाज ढकलणारे पाण्यातले पंखे दोन. लांबी ५५३ फूट, रुंदी ७५ फूट. एवढ्या साध्या गोष्टींवर पुढची अर्ध्या शतकाची कहाणी उभी आहे.

या वर्गाने महायुद्धात मारही खाल्ला. निओशो मे १९४२ मध्ये कोरल समुद्राच्या लढाईत जपानी विमानांच्या तडाख्यात सापडलं आणि चार दिवस तरंगत राहून शेवटी आपल्याच लोकांनी बुडवलं. मिसिसिनेवा २० नोव्हेंबर १९४४ ला पॅसिफिकमधल्या उलिथी बेटांच्या खाजणात नांगरलेलं असताना जपानच्या मानवचलित पाणतीराला बळी पडलं. ६३ माणसं गेली. जहाजाच्या पोटातलं तेल मात्र खालीच राहिलं, आणि जवळपास साठ वर्षांनी गळू लागल्यावर अमेरिकी नौदलाला २००३ मध्ये पाणबुडे पाठवून ते उपसावं लागलं. चार भावंडांचं नशीब आणखी वेगळं. विमानवाहू जहाजांची टंचाई होती म्हणून १९४२ मध्ये त्यांच्या डोक्यावर धावपट्टी चढवून त्यांना छोटी विमानवाहू करून टाकलं. सांगाडा भक्कम आणि वेग पुरेसा असल्याचं याहून चांगलं प्रमाणपत्र नाही.

कॅनिस्टीओ यातल्या कशालाच पोचलं नाही. बाल्टिमोरजवळच्या स्पॅरोज पॉइंट इथे बेथलेहेम स्टीलच्या गोदीत ६ जुलै १९४५ ला ते पाण्यात सोडलं. सव्वा महिन्यात जपानने शरणागती पत्करली. नौदलात दाखल झालं ३ डिसेंबर १९४५ ला, तेव्हा जगभर सैनिक घरी परतत होते. कलूसाहॅची त्याच्या दोन महिने आधी, १० ऑक्टोबरला. लढाई संपल्यावर भरती झालेले हे दोन शिपाई. अशांना लवकरच घरी पाठवतात, हा अंदाज कुणीही बांधला असता.

बर्फाच्या कडेला

वर्षभरात कॅनिस्टीओला जे काम मिळालं ते तेलवाहू जहाजाच्या वाट्याला सहसा येत नाही. १९४६ च्या डिसेंबरात अमेरिकी नौदलाने 'हायजंप' नावाची मोहीम अंटार्क्टिकाकडे पाठवली. १३ जहाजं, सुमारे ४,७०० माणसं, आणि नेतृत्वाला ध्रुवीय प्रवासांसाठी प्रसिद्ध असलेले ॲडमिरल रिचर्ड बर्ड. ताफ्याचे तीन गट होते. पूर्वेकडच्या गटात तीन जहाजं: समुद्री विमानं सांभाळणारं पाइन आयलंड, विनाशिका ब्राउन्सन आणि तेलासाठी कॅनिस्टीओ.

या टँकरचा सांगाडा बर्फासाठी बनवलेला नव्हता. हिमखंड दिसला की सुकाणू फिरवायचं, एवढाच उपाय. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरून उडणाऱ्या विमानांना जहाजाचा आधार, जहाजाला तेलाचा आधार, आणि त्या तेलाच्या मागे हजारो मैलांत दुसरं कुणी नाही. ३० डिसेंबरला पाइन आयलंडचं एक विमान थर्स्टन बेटावर कोसळलं. नऊ जणांपैकी तिघे गेले. उरलेले सहा जण मोडक्या विमानाच्या आडोशाने सुमारे तेरा दिवस थंडीत तगून राहिले, मग दुसऱ्या विमानाला सापडले. मोहिमेच्या कथांमध्ये ही सुटका हमखास येते. इतके दिवस जहाजं आणि विमानं तिथेच शोध घेत राहू शकली, ती कुणाच्या टाक्यांच्या जिवावर, हे सहसा येत नाही.

चालत्या गाडीतून चालत्या गाडीत

त्यानंतरची चार दशकं कॅनिस्टीओने अटलांटिक आणि भूमध्य समुद्रात घालवली, आणि काम एकच: चालत्या जहाजातून चालत्या जहाजात तेल भरणं. एका वाक्यात सांगितलं की सोपं वाटतं, म्हणून थोडं थांबून सांगतो.

ही युक्ती १९१७ ची. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या छोट्या विनाशिकांना अटलांटिक ओलांडण्याएवढं तेल मावत नव्हतं. मॉमी नावाचा टँकर समुद्राच्या मध्यावर उभा केला आणि विनाशिकांना चालता चालता तेल पाजलं. त्या टँकरवर एक तरुण अभियंता अधिकारी होता, चेस्टर निमिट्झ. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकचा सगळा ताफा ज्यांनी चालवला, तेच निमिट्झ. ऐन तारुण्यात तेलाच्या नळीशी झटापट केलेला माणूस पुढे सरसेनापती झाला, याचा त्या युद्धावर केवढा परिणाम झाला असेल!

पद्धत अशी. टँकर एक दिशा आणि एक वेग धरतो, बहुधा बारा नॉटच्या आसपास, आणि त्यातून तसूभर हलत नाही. तेल घेणारं जहाज मागून येऊन बाजूला लागतं. दोघांत अंतर शंभर ते दोनशे फूट, म्हणजे गल्लीत समोरासमोरच्या दोन इमारती असाव्यात तेवढं. मग बंदुकीने बारीक दोरी पलीकडे मारायची. बारीक दोरीला जाड दोरी, जाड दोरीला पोलादी तार. तार ताणली की तिच्यावरून तेलाचा होज झोके घेत पलीकडे जातो, त्याचं तोंड बसतं आणि पंप सुरू होतात. दोन जहाजांमध्ये आणखी एक दोरी असते, ठरावीक फुटांवर रंगीत निशाणं बांधलेली, म्हणजे अंतर वाढतंय की घटतंय ते नजरेला कळावं.

खरी अडचण पाण्याची असते. दोन मोठी जहाजं शेजारी चालली की मधलं पाणी चिंचोळ्या वाटेत सापडून जोरात धावतं, दाब घटतो आणि जहाजांची पोटं एकमेकांकडे ओढली जातात. नाळेपाशी उलट, पाणी साचून ढकलतं. त्यामुळे सुकाणूवरचा माणूस तासन्‌तास, सुईत दोरा ओवताना पापणी लवू नये तसा, होकायंत्राच्या काट्याकडे पाहत बसतो. काही बिनसलं तर होज सोडायचा, तार तोडायची आणि वेगळं व्हायचं, याची तालीम वेगळी होत असे. विमानवाहू जहाज बहुधा टँकरच्या डाव्या अंगाला लागतं, कारण विमानवाहूचा मनोरा उजवीकडे असतो. त्याच वेळी टँकरच्या उजव्या अंगाला एखादी विनाशिका. म्हणजे तिघं एका रेषेत, मधल्याने काहीच करायचं नाही, फक्त सरळ चालायचं. सरळ चालणं ही इथली सगळ्यात मोठी कला. रात्री हेच अंधारात करायचं, कारण दिवे लावून ताफ्याचा ठावठिकाणा सांगायचा नसतो.

मालही बदलत गेला. सुरुवातीला बॉयलरसाठी लागणारं काळं, घट्ट तेल. थंडीत ते पंपात यायला नको म्हणायचं, म्हणून टाक्यांत वाफेच्या नळ्या फिरवलेल्या असत. जेट विमानं आल्यावर त्यांचं वेगळं इंधन आलं, ते काळ्या तेलात एक थेंबही मिसळता कामा नये. १९७० च्या दशकात नौदलाने काळं तेल सोडून हलकं, डिझेलसारखं इंधन धरलं. टाक्या धुतल्या, पाइप बदलले, पंप बदलले. जहाज तेच.

पोटातून कापून मोठं केलेलं जहाज

१९६० च्या दशकाच्या मध्यावर प्रश्न आला. कॅनिस्टीओ वीस वर्षांचं झालं होतं. विमानवाहू जहाजं वाढत होती, ती तेल आणि जेट इंधन घटाघटा पीत होती. नवे टँकर बांधायचे तर पैसा लागतो, आणि संसदेत टँकरसाठी पैसा मागणं म्हणजे लग्नाच्या खर्चात मांडवाच्या बांबूंसाठी वेगळा हिशोब मागण्यासारखं. नवरीच्या दागिन्यांवर सगळे बोलतात, बांबूंवर कुणी नाही.

तोडगा निघाला तो कापण्याचा. जहाज गोदीत घ्यायचं, पोटापाशी कापायचं, मधला भाग नवा, मोठा बसवायचा आणि पुन्हा जोडायचं. मागची इंजिनं तीच, दोन पंखे तेच. ५५३ फुटांचं कॅनिस्टीओ ६४४ फुटांचं झालं, एक्क्याण्णव फूट वाढ. तेलाबरोबर थोडा दारूगोळा आणि धान्य-किराणाही ठेवता येऊ लागला. या वर्गातल्या आठ जहाजांवर ही शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकी पाच १९७० च्या दशकात बिगरलष्करी खलाशांच्या ताब्यात गेली, कारण नौसैनिकांच्या तुलनेत त्यांना माणसं फार कमी लागत. अश्टाब्युला, कलूसाहॅची आणि कॅनिस्टीओ ही तीन मात्र शेवटपर्यंत गणवेशातच राहिली.

माझ्या मते हाच या प्रकरणाचा सांधा आहे. युद्धनौका म्हातारी होते ती शत्रूमुळे: त्याचं क्षेपणास्त्र सुधारलं, त्याचं रडार लांबचं पाहू लागलं, की आपली तोफ जुनी झाली. टँकरचा शत्रू फक्त गंज. त्याच्यात म्हातारं होण्यासारखं होतं तरी काय? टाक्या, पंप, बॉयलर, दोन पंखे. १९३८ मध्ये कुणीतरी मागितलेले ते १८ नॉट १९८८ मध्येही पुरत होते. त्यामुळे दर काही वर्षांनी हिशोबाला बसलेला अधिकारी एकाच उत्तरावर यायचा, की यंदा डागडुजी स्वस्त. गोधडीला नवं ठिगळ लावावं तसं. वीस वेळा ठिगळ लावलेली गोधडी कुणी फेकत नाही. ती ऊब देते आणि तिच्यावर नवीन खर्च थोडाच होतो.

पोलाद चांगलं होतं म्हणून जहाज टिकलं, असं म्हणायचा मोह होतो. त्याला एक उत्तर आहे. जुन्यांच्या जागी अमेरिकेने नवा वर्ग बांधला, नावही पुन्हा सिमॅरॉनच. पाच जहाजं, पहिलं १९८१ मध्ये दाखल झालं. तीही अपुरी पडली म्हणून पुढे तशीच कापून लांब केली. आणि १९९९ पर्यंत पाचही निवृत्त. वीस वर्षंही नाहीत. पोलाद नवं होतं, रेखाटन नवं होतं. पण त्यांना नौसैनिकांचा मोठा ताफा लागायचा, वाफेचे बॉयलर होते, शीतयुद्ध संपलं होतं, आणि तोवर डिझेलवर चालणारे, थोड्या बिगरलष्करी माणसांत भागणारे हेन्री जे. कायझर वर्गाचे टँकर आले होते. पगारपत्रकाने त्यांना मारलं. म्हातारं कॅनिस्टीओ चव्वेचाळीस वर्षं चाललं आणि त्याच्या जागी आलेला तरुण वर्ग अठरा वर्षांत संपला. जहाजाचं आयुष्य गोदीत ठरत नाही, हिशोबाच्या वहीत ठरतं, हे यातून दिसतं.

कॅनिस्टीओही शेवटी त्याच वहीत अडकलं. २ ऑक्टोबर १९८९ ला ते सेवेतून काढलं. कलूसाहॅची २८ फेब्रुवारी १९९० ला. तुलनेसाठी सांगतो: आपली पहिली विक्रांत १९६१ ते १९९७ अशी छत्तीस वर्षं सेवेत होती. तिच्यासाठी मुंबईत केवढी चळवळ झाली, संग्रहालय करा म्हणून अर्ज झाले, आणि अखेर २०१४ मध्ये दारूखाना या तिथल्या जहाजतोडणीच्या जागी ती कापायला सुरुवात झाली तेव्हा वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले. विक्रांतला समुद्रात तेल पुरवणारे दीपक आणि शक्ती हे त्या काळचे टँकर कधी निवृत्त झाले, ते माहीत असलेला वाचक मला अजून भेटलेला नाही.

नदीतली रांग

व्हर्जिनियात जेम्स नदीवर, फोर्ट यूस्टिसजवळ, अमेरिकी सरकारचा राखीव जहाजांचा तळ आहे. पहिल्या महायुद्धानंतर सुरू झालेला. कल्पना अशी की उद्या युद्ध झालं तर ही जहाजं पुन्हा कामाला येतील. कोरियाच्या युद्धात आलीही. पण कॅनिस्टीओसारख्या पंचेचाळीस वर्षांच्या टँकरला पुन्हा बोलावणं येणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो अंगाला अंग लावून उभ्या केलेल्या रांगेत गंजत राहिला. आत साचलेलं जुनं तेल, पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस, वायरींच्या वेष्टनात आणि रबरी गास्केटांत पीसीबी नावाचं रसायन. १९४५ चा ॲस्बेस्टॉस, १९६५ च्या वायरी, १९७५ चा रंग. गोधडी उसवायची वेळ आली की प्रत्येक थर वेगळा त्रास देतो.

एके काळी हा प्रश्न इतका मोठा नव्हता. जुनं जहाज भंगारवाल्याला विकायचं, तो परदेशी न्यायचा, वर सरकारला चार पैसे मिळायचे. १९९० च्या दशकात पीसीबी निर्यातीवरच्या नियमांनी ती वाट अरुंद केली. मग डिसेंबर १९९७ मध्ये बाल्टिमोरच्या 'द सन' या दैनिकाने जहाजं तोडण्याच्या धंद्यावर लेखमाला छापली. एका टोकाला बाल्टिमोर बंदरातली तोडणी, दुसऱ्या टोकाला गुजरातमधलं अलंग: भरतीच्या लाटेवर किनाऱ्यावर चढवलेली जहाजं आणि त्यांवर चढून हाताने पोलाद कापणारे मजूर. लेखमालेला १९९८ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं आणि अमेरिकी सरकारने आपली जहाजं परदेशात तोडायला पाठवणं थांबवलं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. कॅनिस्टीओ बाल्टिमोरच्या वेशीवरच्या गोदीत जन्मलं, आणि बाल्टिमोरच्याच वर्तमानपत्रामुळे त्याच्या मरणाची नेहमीची वाट बंद झाली. लेखमाला चूक होती असं मुळीच नाही. अलंगच्या मजुरांविषयी त्यात जे आलं ते आपल्याकडे आधी यायला हवं होतं. पण बंदीचा परिणाम असा झाला की देशात तोडायला पुरेसे कारखाने नाहीत, बाहेर पाठवता येत नाही, आणि नदीतली रांग वाढते आहे. संसदेने मुदत घातली: निकामी जहाजं ३० सप्टेंबर २००६ पर्यंत हलवा.

दोन न्यायालयं, एक गोदी

२००३ मध्ये अमेरिकेच्या मॅरिटाइम ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे ही राखीव जहाजं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने, हार्टलपूलला गोदी असलेल्या एबल यूके या कंपनीशी १३ जहाजांचा करार केला. कागदावर हे चांगलं उत्तर होतं. प्रगत देश, कडक कायदे, कोरड्या गोदीत तोडणी, मजुरांना संरक्षक कपडे. पर्यावरण संघटना अमेरिकेतच न्यायालयात गेल्या. वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनी चार जहाजं जाऊ दिली, नऊ अडवली. ६ ऑक्टोबरला कॅनिस्टीओ आणि कलूसाहॅची ओढत निघाली. मागोमाग कॅनोपस आणि कंपास आयलंड.

जहाजं समुद्रात असतानाच इंग्लंडमध्ये कागदांची गाठ सुटू लागली. गोदीतल्या बेसिनचं, म्हणजे जहाजं उभी करायच्या मोठ्या कुंडाचं, तोंड बंद करून पाणी उपसण्यासाठी जो बांध हवा होता, त्याची नगरपालिकेची परवानगी वैध नाही असं निघालं. परवाना वाढवून देणाऱ्या सरकारी पर्यावरण संस्थेनेच मग सांगितलं की जहाजं परत न्या. पण मध्य अटलांटिकमध्ये, हिवाळ्याच्या तोंडावर, इंजिन नसलेली जहाजं मागे कशी वळवणार? तात्पुरता आसरा म्हणून त्यांना हार्टलपूलला बांधू दिलं. डिसेंबरात लंडनच्या हायकोर्टाने परवान्यातला तो बदलच बेकायदा ठरवला. आता जहाजं तोडता येत नव्हती आणि परतही जात नव्हती.

योगायोग असा, की याच प्रवासाच्या दिवसांत, १४ ऑक्टोबर २००३ ला, भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही जहाजतोडणीवर आदेश दिला होता: तोडायला येणारं जहाज आधी घातक पदार्थांपासून शक्य तितकं स्वच्छ केलेलं हवं. एकाच महिन्यात दिल्ली आणि वॉशिंग्टनमध्ये, आणि दोन महिन्यांत लंडनमध्येही, न्यायाधीश एकाच प्रश्नाशी झुंजत होते: म्हातारं जहाज मरायला कुणाच्या दारात नेऊन ठेवायचं?

दिल्लीच्या आदेशाची कसोटी लागली फ्रान्सच्या विमानवाहू जहाजावर. क्लेमांसो ३१ डिसेंबर २००५ ला तुलों बंदरातून अलंगकडे निघालं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये त्याला भारतीय हद्दीत यायला मनाई केली आणि दोनच दिवसांत राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ते परत बोलावलं. मराठी वर्तमानपत्रांतही त्याच्या बातम्या आल्या होत्या. आपल्याकडे बहुतेकांना एवढंच आठवतं की क्लेमांसो परत गेलं. ते नंतर कुठे गेलं, ते पुढे येतंच.

हार्टलपूलला मधली वर्षं फायलींत गेली. ऑक्टोबर २००६ मध्ये नगरपालिकेने परवानगी नाकारली. कंपनीने अपील केलं, जाहीर चौकशी झाली, २००७ मध्ये परवानगी आली, २००८ मध्ये कचरा हाताळण्याचा परवाना. 'अमेरिकेचा विषारी कचरा' या घोषणेखाली बोलणाऱ्यांचं म्हणणं मला अर्धवट पटतं. ज्याने जहाज वापरलं त्याने ते तोडावं, हे न्याय्य आहे. पण कॅनिस्टीओमध्ये अपवाद म्हणावं असं काही विष नव्हतं. त्या पिढीच्या कुठल्याही ब्रिटिश जहाजात हेच निघालं असतं. त्या वर्षांत अलंगच्या वाळूवर अशी कितीतरी जहाजं येऊन कापली गेली, परवान्याच्या एका बदलावरून उच्च न्यायालय गाठण्याची चैन तिथल्या मजुराकडे नव्हती. हार्टलपूलला ती होती आणि तिथल्या लोकांनी वापरली, यात त्यांचा दोष नाही. फक्त जहाजाची सेवा जितकी वर्षं चालली त्याच्या निम्मी वर्षं त्याला संपवण्यात गेली, आणि या खर्चाचा रकाना १९६५ मध्ये ठिगळ स्वस्त म्हणणाऱ्या वहीत नव्हता.

८ फेब्रुवारी २००९ ला हार्टलपूलला आणखी एक पाहुणा ओढत आला. क्लेमांसो. अलंगच्या वाटेवरून परतलेलं जहाज शेवटी त्याच कंपनीच्या त्याच गोदीत तोडायला दिलं होतं. नेपोलियनच्या काळात किनाऱ्याला लागलेल्या माकडाला फ्रेंच हेर समजून या गावाने फासावर चढवलं, अशी दंतकथा इंग्लंडभर सांगतात आणि गावकरी ती हसत मिरवतात. तेव्हा फ्रेंच नौदलाच्या एका जहाजाचा शेवट तिथे व्हावा, यावर विनोद झाले नसतील तरच नवल. बेसिनचं तोंड बंद झालं, पाणी उपसलं, आणि गेली पाच वर्षं धक्क्याला बांधलेली चार अमेरिकन जहाजं क्लेमांसोच्या शेजारी कोरड्या तळावर बसली. २०१० पर्यंत कॅनिस्टीओ कापून झालं. अडवलेली नऊ जहाजं हार्टलपूलला कधीच आली नाहीत, त्यांची विल्हेवाट अमेरिकेतच लागली.